पात्वा कोण कुणाला म्हणतो?

तीन शब्द समोर ठेवतो. पिजिन, क्रिओल, पात्वा. तिन्ही परदेशी. कॅरिबियन बेटांवरच्या काळ्या माणसांच्या बोलण्याबद्दल ते वापरले जातात, आणि वापरणारे बहुतेक वेळा तिघांची खिचडी करतात. मला ती खिचडी निवडायची आहे. कारण आपल्याकडेही 'बोली', 'अशुद्ध', 'गावठी', 'बंबइया' हे शब्द असेच एकमेकांत कालवून आपल्या अंगावर फेकले जातात, आणि आपण ते झेलतो. काहीजण लाजून झेलतात, काहीजण छाती फुगवून. मला दोन्ही पटत नाही.

आधी पिजिन. हा शब्द म्हणे इंग्रजी 'बिझनेस'चा चिनी बंदरातला उच्चार. धंदा, म्हंजे कामापुरतं बोलणं. दोन-चार भाषांची माणसं एका जागी येतात, एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, शिकवायला कुणी नाही, शिकायला वेळ नाही, पण काम तर झालंच पाहिजे. मग त्यातल्या जबरदस्ताच्या भाषेतले शब्द उचलले जातात, प्रत्यय गळून पडतात, लिंग-वचन गळून पडतं, आणि पाच-सातशे शब्दांचं एक बोलणं तयार होतं. ते कुणाचीच मातृभाषा नसतं. पिजिनची खूण हीच.

हे समजायला जमैकाला जायची गरज नाही. मी मिलमध्ये स्पिनिंग खात्यात आहे. आमच्या पाळीत ओरिसाचे, बिहारचे, तेलंगणाचे, जौनपूरचे आणि आमच्यासारखे मराठी, सगळे ठेकेदाराचे. बोलतात ते हिंदी, पण ती कुठली हिंदी? 'मेरेको जाने का है.' 'वो आएगा बोल के मैं रुका.' 'मेरा बहन आया.' लखनौचा माणूस ऐकेल तर कानावर हात ठेवील. महादेव आपटे नावाच्या अभ्यासकानं १९७४ साली मुंबईतल्या या हिंदीवर लिहिलं, तेव्हा ती पिजिन कशी होत गेली हाच त्यांचा विषय होता. गंमत बघा, 'बोल के' हे आपल्या 'म्हणून'चं हिंदी कातडं आहे, आणि 'अपुन' हा आपल्या 'आपण'चा भाचा. म्हणजे या हिंदीच्या पोटात मराठी मजूर बसलेला आहे.

या बोलण्यात काय काय बोलता येतं? उठाओ, डालो, बंद करो, जल्दी, कल आने का, पैसा बाद में. हुकूम झकास देता येतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या पाळीतल्या ओरिसाच्या एका पोराचा बाप गावी वारला. फोन आला तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता. मला म्हणाला, 'मेरा बाप खलास हो गया.' मी म्हणालो, 'कब?' तो म्हणाला, 'सुबह.' पुढं मला काही सुचेना आणि त्यालाही. मिलच्या हिंदीत त्याच्यापुढं शब्दच नव्हते. खलास तर बॉबिनही होते, डब्यातली भाजीही होते. जेवणाच्या सुट्टीत तो त्याच्या गाववाल्यांत जाऊन बसला आणि ओडियात बोलता बोलता रडला. मी लांबून पाहिलं. पुस्तकात पिजिनची व्याख्या मी नंतर वाचली, पण मला ती त्या दिवशी कळली होती.

आता क्रिओल. सतराव्या-अठराव्या शतकात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून माणसं पकडून, साखळदंडात घालून, कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत आणली गेली. एकेका जहाजात कितीतरी भाषांची माणसं. वर मुकादम इंग्रज नाहीतर फ्रेंच. तिथं जे कामापुरतं बोलणं तयार झालं त्याच्यावर थांबणं त्या माणसांना परवडणारं नव्हतं, कारण गावी फोन करून आपल्या भाषेत रडायची सोय नव्हती. परत जायची वाटच बंद. तिथंच लग्नं लागली, तिथंच पोरं झाली. त्या पोरांना झोपवायचं, रागवायचं, मेलेल्याची आठवण सांगायची, मालकाला कळणार नाही असं बोलायचं. मग ते बोलणं वाढलं. शब्द बहुतेक मालकाचेच राहिले, पण वाक्याची मोडणी, काळ दाखवायची रीत नवी झाली. यात आफ्रिकेच्या भाषांचा हात किती, लहान पोरांचा किती, मोठ्यांचा किती, यावर विद्वान अजून भांडतात. भांडोत. आपल्यापुरतं एवढं की ते बोलणं एका समाजाची मातृभाषा झालं. त्याला क्रिओल म्हणतात.

आणि ही 'मोडकी इंग्रजी' नव्हे. जमैकात म्हणतात 'मी अ गो', म्हणजे 'मी जातोय.' तिथंही 'मी' म्हणजे मीच. योगायोग आहे, तो त्यांनी इंग्रजीतून घेतला, पण वाचलं तेव्हा मला घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. तो मधला 'अ' क्रिया चालू असल्याचं सांगतो. तो काढला तर अर्थ बदलतो. अनेकवचनाला नामाच्या मागं 'डेम' लावतात, 'डि ब्वाय डेम', म्हणजे पोरं. लंडनहून आलेला साहेब हे अंदाजानं बोलायला गेला तर चुकतो, आणि जमैकाची पाच वर्षांची पोरगी त्याला हसते. जिथं चुकता येतं तिथं नियम असतात. नियम असतात तिथं व्याकरण असतं. ते कुणी छापलं नव्हतं, एवढंच.

'क्रिओल' हा शब्दही पाहून ठेवा. पोर्तुगीज-स्पॅनिशमधून आला. मूळ अर्थ घरात वाढवलेला, तिथंच जन्मलेला. आपल्याकडं जुन्या कागदांत घरात जन्मलेल्या गुलामाच्या पोरांची जशी वेगळी नोंद असायची तसलाच वास या शब्दाला आहे. तरी त्या लोकांनी तो घेतला, धुतला आणि अंगावर घातला.

राहिला पात्वा. इथं खरी मेख आहे. पिजिन आणि क्रिओल हे शब्द भाषा कशी जन्मली ते सांगतात. पात्वा तसलं काहीच सांगत नाही. फ्रान्समध्ये पॅरिसबाहेरच्या खेडुतांच्या बोलण्याला हा शब्द लावत. म्हणतात की तो जनावराच्या पंजावरून आला, म्हणजे धसमुसळं, पंजानं हाताळल्यासारखं बोलणं. नसेलही तसं, पण वापर तोच आहे. आपला 'गावठी' म्हणा, 'रांगडी' म्हणा. सेंट लुशिया बेटावर फ्रेंच शब्दांच्या क्रिओलला पात्वा म्हणतात, जमैकात इंग्रजी शब्दांच्या क्रिओललाही पात्वाच म्हणतात. दोन वेगळ्या भाषा, नाव एक. कसं? कारण तो भाषेचा प्रकार नाही, तो खुर्चीत बसलेल्यानं दिलेला निकाल आहे. पात्वा ऐकलं की विचारायचं ते हे की बोलणारा कोण आणि म्हणणारा कोण.

हैतीचं उदाहरण प्रत्येक अभ्यासवर्गात सांगितलं पाहिजे. १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला, नेपोलियनच्या फौजेला पाणी पाजलं आणि १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र केला. गुलामांच्या बंडातून उभा राहिलेला दुसरा असा देश जगात नाही. लढणारे बोलत होते क्रिओल. राज्य आलं, आणि राज्याची भाषा झाली फ्रेंच. शाळा फ्रेंच, कोर्ट फ्रेंच, कायदा फ्रेंच. मालक गेला, त्याची जीभ खुर्चीत राहिली. राज्यघटनेनं क्रिओलला फ्रेंचच्या बरोबरीनं अधिकृत भाषा केलं ते १९८७ मध्ये. १८३ वर्षं. एवढी वर्षं तिथला शेतकरी आपल्याच देशाच्या कोर्टात, आपल्याच कातडीच्या न्यायाधीशापुढं, न समजणाऱ्या भाषेत दोषी ठरत होता. गोरे जाऊन काळे आले म्हणजे सुटलो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वहीत लिहून घ्यावं.

आपल्याकडं क्रिओल आहे का? आहे. रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडं, कोर्लई गावात. चौल पोर्तुगीजांकडं होतं तोवर तिथं ख्रिस्ती झालेले स्थानिक लोक पोर्तुगीजांच्या सावलीत राहत. १७४० मध्ये पोर्तुगीज निघून गेले. हे लोक राहिले, आणि त्यांचं बोलणंही राहिलं. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद सरकत सरकत मराठीसारखं वाक्याच्या शेवटी आलं. हजाराच्या आसपास माणसांची ही भाषा पावणेतीनशे वर्षं टिकली कशी? जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकानं त्यावर १९९६ मध्ये पुस्तक काढलं. त्याच्या मांडणीत धर्मानं हे लोक हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांपासून वेगळे पडले आणि जातीनं वरच्या ख्रिस्त्यांपासून. म्हणजे धर्म बदलला, बंदर बदललं, पण जात तिथंही पहारा देत उभी. तिनं माणसं कोंडली आणि कोंडलेल्यांनी भाषा राखली. यावर आनंद मानायचा की दुःख, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता आपल्याबद्दल. कॅम्प चारमध्ये राहणाऱ्याला वाटेल आपलं बोलणंही क्रिओलच. उल्हासनगर हे गावच मुळी छावण्यांचं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ लष्करी तळ टाकला, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहिले, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी उल्हासनगर हे नाव दिलं. पुढं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून माणसं आली, त्यात माझे आजी-आजोबा. आजी अजून 'काय करायलास रे' म्हणते. माझी भाची म्हणते, 'मामा, मला जायचा नाय, तू मला असा का बोलला?' लाल चक्कीच्या दुकानात सिंधी आजोबा सिंधीत विचारतात आणि नातू हिंदीत उत्तर देतो. सिंधी १९६७ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, पण त्या दुकानाच्या गल्ल्यावर ती म्हातारी होत चालली आहे.

हे सगळं मिसळलेलं आहे, कबूल. पण भाचीचं बोलणं क्रिओल नव्हे. तिच्या आईबापाची भाषा एकच आहे, मराठी. तिच्यावर हिंदी चढली, आगरी-कोळी वळण चढलं, इतकंच. आणि महारवाड्यातली, मांगवाड्यातली बोलीही क्रिओल नव्हे. आपल्याला कुणी जहाजात घालून परक्या भाषेत टाकलं नाही. आपण गावाचीच भाषा बोलत होतो, फक्त वेशीबाहेर उभे राहून. आफ्रिकेच्या माणसाची भाषा हिसकावली, आपली हिसकावली नाही, ती बाटलेली ठरवली. दोन जखमा वेगळ्या आहेत. काळ्यांच्या दुःखाशी नातं सांगायचं तर हा फरक पुसून सांगू नये.

मात्र एक गोष्ट अशी आहे की वाचताना मी उठून बसलो. १९६८ च्या एप्रिलमध्ये जमैकात, मोना इथल्या वेस्ट इंडीज विद्यापीठात, पिजिन आणि क्रिओल यांवर मोठी परिषद भरली. तिचं पुस्तक डेल हाइम्स यांनी १९७१ मध्ये काढलं. माझा एक दोस्त झेरॉक्सच्या दुकानात काम करतो, कॉलेजवाल्यांच्या कागदांतली एखादी प्रत माझ्यासाठी जास्त काढतो. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी दोन महिने वाचलं. त्या पुस्तकात फ्रँकलिन साउथवर्थ यांचा लेख आहे, आणि त्याचा विषय आहे मराठी. त्यांचं म्हणणं असं की मराठीचाच जन्म क्रिओलसारखा झाला असावा. इथले मूळचे द्रविडी बोलणारे आणि वरून आलेली प्राकृत बोलणारी सत्ता, यांच्या घासाघाशीतून ती झाली. आपल्या तोंडातलीच साक्ष पाहा. आपण 'आम्ही' आणि 'आपण' वेगळं म्हणतो, ऐकणाऱ्याला धरून की सोडून. हिंदीत हा भेद नाही. तेलुगूत आहे, मेमु आणि मनमु. 'येतो म्हणून सांगितलं' यातलं 'म्हणून' तेलुगूच्या 'अनि'सारखं चालतं.

सगळे अभ्यासक हे मानत नाहीत. मराठीची क्रियापदं, तिचे शब्द महाराष्ट्री प्राकृतातून सरळ खाली येताना दिसतात, शेजारामुळं थोडं वळण लागलं, क्रिओल म्हणायची गरज नाही, असं पुष्कळांचं मत. मी निकाल देणारा कोण? पण विचार करा. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला. नाणेघाटाचा लेख, गाथा सप्तशती, सगळे पुरावे मांडले गेले. आनंद आहे. मात्र नाणेघाटाची वाट उतरत होती ती आमच्या कल्याण बंदराकडं. त्या वाटेवर ओझी वाहणारा कुठल्या भाषेत बोलत होता ते कुणी दगडात कोरलं नाही. राणीनं केलेलं दान तेवढं कोरलं. साउथवर्थ बरोबर असतील तर ही अभिजात बाईही एके काळी कुणाच्या तरी कानाला गावठीच लागली असणार.

इथं कुणी म्हणेल की आर्य-द्रविड हे खूळ बाबासाहेबांनी कधीच मोडीत काढलं. बरोबर आहे, १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' मध्ये आर्य वंशाच्या सिद्धांताची त्यांनी चिरफाड केली. पण १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तेच सांगतात की उत्तरेतल्या नागांनी आपली तमिळ सोडून संस्कृत धरली आणि दक्षिणेतल्यांनी तमिळ राखली. म्हणजे रक्त एक गोष्ट आणि जीभ दुसरी. जीभ बदलते, बदलायला लावली जाते. भाषेच्या मिसळीतून वंश शोधायचा नसतो, कोण कुणाच्या दारात उभा होता ते शोधायचं असतं.

त्याच पुस्तकात गंपर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाबद्दल लिहिलं आहे. तिथं जैन-लिंगायतांची कानडी, मुसलमानांची उर्दू, अस्पृश्यांची मराठी. शेकडो वर्षं एका शेतात राबून तिन्ही भाषांच्या वाक्यांचा सांगाडा इतका एक झाला की शब्दाला शब्द ठेवला तरी भाषांतर होतं. पण शब्द मात्र वेगळेच राहिले. का? बांधावर एकत्र, पण उंबरठ्याच्या आत कुणी कुणाला घेत नव्हतं. घरातली भाषा घरातच राहिली. समाजशास्त्राच्या शंभर व्याख्यानांतून जातीचं इतकं नेमकं चित्र मला मिळालं नव्हतं.

मग आपण लिहायचं कशात? हा प्रश्न माझ्या गळ्याशी आहे. एका संपादकानं माझी कविता परत पाठवली तेव्हा 'बोललो' खाली रेघ मारून 'म्हणालो' लिहिलं होतं आणि 'नोकरी भेटली' खाली 'मिळाली'. दुसऱ्या एका प्राध्यापकानं दुसरी कविता परत केली, कारण ती फार शुद्ध होती. म्हणाले, 'तुमची ती रांगडी भाषा आणा ना, शिव्या आणा, वस्ती आणा.' पहिला मला पात्वा बोलतोस म्हणून बाहेर ठेवतो. दुसरा पात्वाच बोल, म्हणजे आत घेतो, असं म्हणतो. मला दुसऱ्याची भीती जास्त वाटते. पहिल्याशी भांडता तरी येतं.

१९७२ मध्ये 'गोलपिठा' आला, १९७८ मध्ये 'बलुतं'. त्यांनी मराठीचं तोंड उघडलं. पण त्याचा अर्थ असा काढला गेला की दलित लेखकाची भाषा म्हणजे कच्चा माल, आणि तो कच्चाच राहिला पाहिजे. हे नवं बलुतं आहे. १९२० च्या 'मूकनायक'पासून, १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'पासून बाबासाहेबांनी प्रमाण मराठी हातात घेतली आणि तिच्याच मालकांवर चालवली, पुढं इंग्रजीचंही तेच केलं. त्यांना कुणी विचारलं नाही की साहेब, तुमची रांगडी कुठंय.

आणि बोली म्हणजे सगळी पुण्याई, असंही नाही. 'जोहार मायबाप' आपल्याच बोलीत होता. बाईला हाणायच्या शिव्या आपल्याच बोलीत आहेत, आजीनं त्या आयुष्यभर ऐकल्या. आईचं दूध म्हणून सगळंच पिऊन टाकायचं असेल तर मग विद्रोह कशाला? हैतीच्या माणसानं क्रिओल राखली ती मालकाची चाकोरी राखायला नव्हे.

जमैकाची लुईज बेनेट, जन्म १९१९, मृत्यू २००६. तिनं सगळं आयुष्य जमैकाच्या बोलीत कविता केल्या, रंगमंचावर म्हटल्या. लोक पोट धरून हसत, आणि पुष्कळ वर्षं विद्वान तिला कवी म्हणून मोजायला तयार नव्हते. बाई आपल्या कामाला लागलेली. बार्बाडोसचा कवी कमाउ ब्रॅथवेट यानं पुढं बोली हा शब्दच नाकारला आणि तिला राष्ट्राची भाषा म्हटलं. हे म्हणणारा माणूस इंग्रजीत पक्का होता, इतिहासाचा प्राध्यापक होता. एक भाषा येते म्हणून त्यानं दुसरी टाकली नाही, आणि कुठल्या कवितेत कुठली वापरायची हे त्याला कुणी सांगितलेलं चाललं नसतं.

मी तेवढंच मागतो. माझ्या कवितेत 'भेटली' राहील, कारण कॅम्प चारमध्ये नोकरी मिळत नाही, ती रस्त्यात भेटते आणि पुढच्या महिन्यात ओळख विसरते. पण कामगार आयुक्तांकडं अर्ज लिहिताना मी 'मिळालेली नाही' असंच लिहीन, ऱ्हस्व-दीर्घ तपासून लिहीन, आणि त्यानं माझी जात बदलली असं कुणी म्हणू नये.

आपल्या वस्तीतल्या रविवारच्या अभ्यासवर्गात एक वही असते. तिच्यात प्रश्न लिहून घेतले जातात. मी ती चाळली. सगळे प्रश्न एकाच छापील मराठीत, जणू एकाच माणसानं विचारलेले. विचारणाऱ्या बाया कचरा वेचणाऱ्या, जीन्सच्या कारखान्यात धागे कापणाऱ्या, पोरं रिक्षावाली. लिहून घेणारा आपला शिकलेला कार्यकर्ता, मनानं चांगला, त्यानं सगळ्यांचं बोलणं धुऊन इस्त्री करून ठेवलं. येत्या रविवारपासून वही माझ्याकडं द्या. ज्यानं जसं विचारलं तसं लिहून घेतो, डाव्या पानावर. उजव्या पानावर तोच प्रश्न प्रमाण मराठीत, विचारणाऱ्याला वाचून दाखवून, त्याचा होकार घेऊन. होकार आला नाही तर उजवं पान कोरं ठेवू.